नाव नसलेले वय : मराठी कथेतील दहा-बारा वर्षांचे मूल आणि त्याची भाषा

मराठी वाङ्मयसमीक्षेत ‘बालमन’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. अंगणात रांगणारे मूल, पहिलीच्या वर्गात रडणारे मूल आणि सातवीच्या परीक्षेला बसलेले मूल या तिघांची मने जणू एकच आहेत, असे गृहीत धरून त्या मनाला ‘निरागस’, ‘कोवळे’, ‘निष्पाप’ अशी विशेषणे लावण्यात येतात. या विशेषणांनी मुलाचे वर्णन फारसे होत नाही. मुलाकडे पाहणाऱ्या प्रौढाचा जिव्हाळा मात्र प्रकट होतो. प्रस्तुत लेखात या वयोगटाचा एक नेमका भाग, म्हणजे साधारणपणे नवव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंतचा काळ, वेगळा काढून तो मराठी कथनात्मक वाङ्मयात कसा आला आहे, याची भाषेच्या अंगाने चिकित्सा करावयाची आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. संस्कृत परंपरेतील एका प्रसिद्ध विभागणीप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर असा क्रम मानला आहे. आधुनिक मराठीत मात्र ‘पौगंडावस्था’ हा शब्द तेराव्या वर्षानंतरच्या, मिसरूड फुटण्याच्या काळासाठी रूढ झाला. म्हणजे दहाच्या अलीकडचा शब्द उचलून बाराच्या पलीकडे नेऊन ठेवण्यात आला. ‘कुमार’ हा शब्दही असाच पुढे सरकला असून ‘किशोर’ कधी दहा वर्षांचा असतो तर कधी सोळा वर्षांचा. या सर्व सरकासरकीत मधली तीन-चार वर्षे नावावाचून राहिली. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘उत्तर बाल्यावस्था’ अशी संज्ञा आढळते. परंतु कोणतीही आई आपल्या मुलाविषयी बोलताना ती वापरीत नाही. ती म्हणते, “आता तो काही लहान राहिला नाही, पण मोठाही झालेला नाही.” आपल्या भाषेने या वयाचा निर्देश दोन नकारांनी केला आहे, आणि आपल्या समीक्षेनेही त्याहून निराळे काही केलेले नाही.

आता या वयात नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. बाह्यतः पाहता फारसे काही घडत नाही. उंची वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर या संथ गतीने वाढत असते. वाढीची मोठी उसळी अद्याप यावयाची असते. मुलींच्या बाबतीत ती मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येते, त्यामुळे पाचवी-सहावीच्या वर्गात काही काळ मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीने हा बहुधा शांततेचा काळ होय. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो मुळीच शांत नाही.

मूल पाचव्या वर्षापर्यंत मातृभाषेचे व्याकरण आत्मसात करते, त्यापुढे केवळ शब्दसंग्रह वाढतो, अशी एक समजूत होती. कॅरोल चॉम्स्की यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला. पाच ते दहा वर्षांच्या इंग्रजीभाषक मुलांना वाक्यरचनेतील काही संबंध बरेच उशिरा उमगतात, असे त्यांनी दाखविले. मराठीतील उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. ‘रामने श्यामला जायला सांगितले’ आणि ‘रामने श्यामला जायचे वचन दिले’ ही दोन वाक्ये वरवर एकाच साच्याची वाटतात. पण पहिल्यात जाणारा श्याम आहे आणि दुसऱ्यात राम. हा भेद वाक्याच्या पृष्ठभागावर कोठेही लिहिलेला नाही. तो क्रियापदाच्या पोटात आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न अर्थाचा आहे. हाइन्झ वर्नर आणि एडिथ कॅप्लन यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साडेआठ ते साडेतेरा वर्षांच्या मुलांना काही बनावट शब्द दिले होते. प्रत्येक शब्द सहा निरनिराळ्या वाक्यांत येई आणि त्यावरून त्याचा अर्थ शोधावयाचा असे. लहान मुले शब्दाचा अर्थ आणि त्या एका वाक्याचा अर्थ यांची गल्लत करीत. शब्द वाक्यापासून सोडवून घेणे त्यांना अवघड जाई. मोठ्या मुलांना तो सोडविता येई. सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नर्लव्ह यांनी १९६० साली ‘गोड’, ‘कठीण’, ‘थंड’, ‘वाकडा’ यांसारख्या अर्थांच्या, वस्तूलाही लागणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या, इंग्रजी शब्दांची परीक्षा घेतली. सात-आठ वर्षांच्या मुलांना माणसाच्या संदर्भातील अर्थ बऱ्याच शब्दांबाबत ठाऊक असतो, पण कठीण दगड आणि कठीण माणूस यांचे काही नाते आहे, हे त्यांना मान्य नसते. ते नाते ओळखणे आणि शब्दांत सांगणे नवव्या-दहाव्या वर्षानंतर हळूहळू साधते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, रूपक ही गोष्ट रूपक म्हणून मुलाच्या हाती याच वयात लागते. साहित्याच्या अभ्यासकाने याहून अधिक महत्त्वाची घटना कोणती मानावी?

ही कसोटी घेऊन आपण मराठीतील तीन पात्रांकडे वळू.

पहिले पात्र अर्थातच श्याम. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकाची कथनरचना ध्यानात घेतली पाहिजे. आठवणी सांगणारा श्याम प्रौढ आहे, त्याच्यासमोर आश्रमातील मित्र बसले आहेत, आणि कथन रात्रींच्या क्रमाने चालते. स्नानानंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहान श्याम आईला पदर पसरावयास लावतो, हा प्रसंग महाराष्ट्रात सर्वांना परिचित आहे. आई त्याचा हट्ट पुरविते आणि पायांना जसा जपतोस तसाच मनालाही जप, अशा आशयाचे सांगते. भाषेच्या दृष्टीने येथे काय घडले? ‘घाण’ हा शब्द वस्तूवरून मनावर नेण्यात आला. ॲश आणि नर्लव्ह ज्या उडीचा अभ्यास करीत होते तीच ही उडी होय. मात्र ती श्यामने मारलेली नाही. आईने मारली आहे आणि मुलाने ती ऐकून घेतली आहे. त्या क्षणी मुलाला ती कितपत उमगली, हे आपणांस कळत नाही, कारण कथन करणारा श्याम तोवर तिचा पूर्ण अर्थ जाणून बसलेला असतो. पुस्तकाचे सामर्थ्य या प्रौढ कृतज्ञतेत आहे आणि त्याविषयी माझी तक्रार नाही. पण ‘श्यामची आई’ हे बालमनाचे चित्रण आहे, असे जे सर्रास म्हटले जाते ते बरोबर नव्हे. ते मुलाला मिळालेल्या अर्थांचे चित्रण आहे; मुलाने घडविलेल्या अर्थांचे नव्हे.

दुसरे पात्र भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. येथे प्रौढ निवेदकाचा उपदेश गळून पडला आहे. बनेश फेणे धावतो, पकडला जातो, सुटतो आणि ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. या आवाजाकडे समीक्षेने कौतुकापलीकडे लक्ष दिलेले नाही. वस्तुतः तो अर्थशून्य नाही. ज्या वयात मुले आपल्या टोळीची खूण म्हणून एखादा शब्द, शीळ किंवा आवाज निश्चित करतात त्या वयाची ती खूण आहे. आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील शाळकरी मुलांची अशी भाषा, त्यांची कोडी, त्यांच्या शपथा आणि त्यांची टोपणनावे संकलित केली. ही सामग्री मुले प्रौढांकडून शिकत नाहीत; ती मुलांकडून मुलांकडे जाते. भागवतांना याची उपजत जाण होती. परंतु साहसकथेच्या प्रकृतीनुसार फेणेची भाषा कृतीच्या मागे धावते; स्वतःकडे वळून पाहण्यास तिला उसंत मिळत नाही.

तिसरे पात्र प्रकाश नारायण संत यांचा लंपन. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि लेखकाच्या निधनानंतर आलेला ‘झुंबर’ (२००४) या चार संग्रहांत हा मुलगा वावरतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी, कर्नाटकाच्या सीमेवरील गावात तो राहतो. त्याच्या भोवती मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा आहेत आणि मराठीही प्रमाण मराठी नाही. कथन त्याचे स्वतःचे, प्रथमपुरुषी आहे.

लंपनच्या भाषेतील एक लकब सर्व वाचकांना आठवते. तो अतिशयोक्ती करतो, पण ती गोल आकड्यांनी करीत नाही. प्रौढ मराठी माणूस ‘शंभरदा सांगितले’ किंवा ‘हजार वेळा बजावले’ असे म्हणतो. लंपन मोठी आणि विनाकारण नेमकी संख्या सांगतो. मी अनेक वर्षे वर्गात या लकबीचे स्पष्टीकरण ‘लेखकाची विनोदनिर्मितीची युक्ती’ असे देत आलो होतो. एकदा, प्राथमिक शाळेत शिकवून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला शांतपणे अडविले. ती म्हणाली, “सर, माझ्या पाचवीच्या वर्गातली मुले अशीच बोलतात. दुसरीतली बोलत नाहीत.” त्या दिवशी मी काही उत्तर दिले नाही. नंतर विचार करता माझी चूक माझ्या ध्यानात आली. सहा वर्षांच्या मुलाला मोठी संख्या म्हणजे केवळ ‘पुष्कळ’; ती त्याच्या मालकीची नसते. प्रौढाला तिचे काही विशेष वाटत नाही. ज्याने नुकतीच चार अंकी संख्यांवर हुकमत मिळविली आहे आणि ज्याला नेमकेपणाचा उपयोग काय हे शाळेत रोज शिकविले जात आहे, तोच मुलगा त्या नेमकेपणाचा उपयोग नेमकेपणाच्या विरुद्ध करून पाहतो. हा विनोद लेखकाने मुलावर केलेला नाही. मुलाने गणितावर केलेला आहे. मी ज्याला युक्ती म्हणत होतो ती वस्तुतः वयाची खूण होती, आणि ती माझ्या विद्यार्थिनीला दिसली होती, मला नव्हती.

तीच गोष्ट दुःखाच्या अभिव्यक्तीची. लंपनचे दुःख मोठे आहे. घर असून तो घराबाहेर आहे, आणि कथामालेच्या ओघात त्याच्या वडिलांचा मृत्यूही होतो. पण दुःखाला नाव देण्याचे तो टाळतो. आपल्या शरीरात काहीतरी होते आहे, एवढेच सांगतो. यास संयम म्हणण्याचा प्रघात आहे. मला वाटते, संयम हा शब्द येथे प्रौढांच्या कोशातून आणला आहे. वस्तूचा शब्द मनाला कसा लावावयाचा, हे या मुलाला नुकते समजू लागले आहे. त्यामुळे शरीराची भाषा आणि मनाची भाषा यांच्या सीमेवर तो उभा आहे, जसा तो मराठी आणि कानडी यांच्या सीमेवर उभा आहे. श्यामच्या कथेत आईने जो पूल बांधून दिला, तो लंपन स्वतः चाचपडत बांधतो. कधी तो पूर्ण होतो, कधी अर्धाच राहतो. वाचकाचे मन हेलावते ते या अर्धवटपणामुळे. त्याला ‘निरागसता’ म्हणणे म्हणजे कष्टाने चाललेल्या कामाला विश्रांती म्हणण्यासारखे आहे.

येथे सुमीचाही उल्लेख केला पाहिजे. हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या व्याख्यानांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली निघाला. त्यात या वयाचे मुख्य लक्षण म्हणून जिवलग सोबत्याची गरज सांगितली आहे. दुसऱ्याचे सुख आपल्या सुखाइतकेच महत्त्वाचे वाटणे येथे प्रथम घडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. सलिव्हनच्या मते हा सोबती समलिंगी असतो. संतांच्या कथांत शाळूसोबत्यांची टोळी आहेच. पण लंपनच्या मनात जी जागा सुमीला आहे ती टोळीतील कोणालाही नाही. तिला प्रेम म्हणावे तर ते घाईचे होईल आणि मैत्री म्हणावे तर ते अपुरे होईल. सिद्धांत आणि कथा यांत अंतर पडले की कथेला दोष देण्याची आपल्याला सवय आहे. येथे कथेने सिद्धांतात भर घातली आहे, असे मी मानतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. लंपनही प्रौढ लेखकानेच लिहिला आहे. संतांचा जन्म १९३७ चा. ‘वनवास’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकलेले होते. मग ही भाषा दहा-अकरा वर्षांच्या मुलाची, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? उत्तर असे की, ती मुलाच्या भाषेची ध्वनिमुद्रिका आहे असा माझा दावा नाही. कोणतेही मूल इतका वेळ, इतक्या ओघाने बोलत नाही. प्रश्न निवेदकाच्या मर्यादेचा आहे. निवेदकाला जे कळू शकत नाही ते त्याच्या मागच्या दाराने वाचकाला सांगण्याचा मोह लेखकाने आवरला आहे की नाही, हे पाहावयाचे. संतांना तो मोह सर्वत्र आवरला आहे, असेही नाही. काही ठिकाणी निसर्गवर्णन इतके तरल होते की, तेथे मुलाचे डोळे असले तरी शब्द कवीचे आहेत, हे जाणवते. अशा जागा दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. परंतु त्या दाखविण्यासाठी मुलाचे शब्द कोणते हे आधी ठाऊक असावे लागते, आणि तेथेच आपला अभ्यास तोकडा पडतो.

या तोकडेपणाचे एक उदाहरण पुरेसे आहे. मराठी मुलांमध्ये ‘च’ची भाषा सर्वत्र खेळली जाते. तिच्या एका प्रचलित प्रकारात ‘काय’चे ‘चायक’ होते आणि ‘नाव’चे ‘चावन’. नियम असा की, शब्दातील पहिले व्यंजन उचलून शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवावयाचा. स्वर मात्र जागचा हलवावयाचा नाही. देवनागरीत ‘का’ हे एकच अक्षर आहे. त्यातील व्यंजन आणि स्वर वेगळे करणे म्हणजे लिपीने जे बांधले ते सोडविणे होय. स्वनविज्ञानाच्या पहिल्या तासाला पदवीधर विद्यार्थ्यांना जे शिकवावे लागते, ते शाळेच्या मागच्या बाकावर दहा वर्षांची मुले वेगाने आणि न चुकता करीत असतात. पियाजेने १९३२ साली गोट्यांच्या खेळावरून दाखविले होते की, अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास मुले नियमांची बारकाईने संहिता बनवितात आणि नियम सर्वांच्या संमतीने बदलता येतो, हे त्यांना समजते. ‘च’ची भाषा ही अशीच संहिता आहे. आपल्या शाळांत मात्र याच इयत्तांमध्ये व्याकरण म्हणून व्याख्या पाठ करून घेतल्या जातात, आणि मुलांची घरची बोली ‘अशुद्ध’ म्हणून खोडली जाते. ज्या वयात भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याची शक्ती जागी होते, त्याच वयात तिच्यावर लाल शाई पडते.

शेवटी एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधले पाहिजे. श्याम, फेणे आणि लंपन हे तिघेही मुलगे आहेत. हा योगायोग नव्हे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी झाला; लक्ष्मीबाई टिळकांचाही विवाह अकराव्या वर्षीच झाला. संमतिवयाचा १८९१ चा कायदा मुलींचे वय दहावरून बारावर नेण्यासाठी करावा लागला आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे ज्या तीन-चार वर्षांना नाव नाही असे मी प्रारंभी म्हटले, ती वर्षे अनेक मुलींच्या वाट्याला आलीच नव्हती. मुलगी होती, आणि एके दिवशी ती सून झाली. मधल्या वयाला नाव देण्याचा प्रसंगच आला नाही. रमाबाईंच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून. या दोन्ही ग्रंथांची भाषा मी आता नव्याने वाचू लागलो आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा खट्याळपणा, तिची भीती आणि सासरच्या भाषेचे तिने केलेले निरीक्षण त्यांत जागोजागी सापडते. पण आपण हे ग्रंथ स्त्रीशिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या इतिहासाची साधने म्हणून वाचले. त्यांतील मुलीची भाषा ऐकली नाही. रमाबाईंनी अक्षरओळख लग्नानंतर करून घेतली. म्हणजे ज्या वयात मूल भाषेकडे वळून पाहू लागते त्याच वयात त्यांना घर, नाते, संबोधने आणि लिपी या चारही गोष्टी एकदम नव्याने शिकाव्या लागल्या. मराठी गद्यातील उत्तर बाल्यावस्थेचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो श्यामपासून नव्हे, येथून सुरू करावा लागेल.

सारांश, दहा-बारा वर्षांचे मूल हे लहान मुलाचे शेपूट नव्हे आणि तरुणाची प्रस्तावनाही नव्हे. त्याला स्वतःची वाक्यरचना, स्वतःचे विनोद, स्वतःचे कायदे आणि रूपकाची नुकतीच हाती आलेली किल्ली असते. त्याचे चित्रण करणाऱ्या कथेचे मूल्यमापन करताना ‘निरागस’ हे विशेषण आपण काही काळ बाजूला ठेवावे, असे मला सुचवावेसे वाटते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : या कथेतील अर्थ मुलाला मिळाले आहेत की त्याने घडविले आहेत? निवेदकाच्या अज्ञानाचा मान लेखकाने राखला आहे काय? आणि या वयाची भाषा जर आपण नीट ऐकलेलीच नसेल, तर ती खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्यासाठी मात्र विभागातील विद्यार्थ्यांना वही घेऊन शाळेच्या मधल्या सुट्टीत, पटांगणाच्या कडेला बसावे लागेल. तेथे जाताना त्यांनी लाल शाईचे पेन बरोबर नेऊ नये.